आडवं धुराडं

रत्नागिरीत पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि मासळीचे ट्रक रिकामे उभे असतात. त्यामुळे ट्रकवाल्यांना गाड्या रंगवून घ्यायची आठवण नेमकी जून-जुलैमध्ये यायची. रंग वाळायला सगळ्यात वाईट दिवस तेच. भिंतींना ओल, कपड्यांना वास, मिठाचं पाणी, आणि गॅरेजच्या दारात ट्रकांची रांग. आमचं घर या उलट्या हंगामावर चालायचं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईत एका मोठ्या गॅरेजात स्प्रे पेंटर होते. ट्रकच्या पाठीवर अक्षरं काढण्यात, बाजूने लांबलचक पट्टे मारण्यात त्यांचा हात धरणारा तिथे कुणी नव्हता, असं मी त्यांच्या सोबत्यांकडून ऐकलं आहे. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांच्या मोठ्या भावाचा निरोप आला, की मुंबईत खोलीत दाटीवाटीने कशाला राहता, इथे आंब्याच्या पेट्या ठेवायची शेड रिकामी पडली आहे, ती घे आणि गॅरेज टाक. आम्ही सामान बांधलं आणि आलो.

या मोठ्या दिरांना सगळे दादा म्हणत, मीही म्हणायची. दादांबद्दल मला पुढे पुष्कळ वाईट लिहायचं आहे, म्हणून आधी चांगलं सांगते. सासरे लवकर गेले. दादांनी धाकट्या भावाला शिकवलं, त्याच्या मुंजीचं, लग्नाचं सगळं केलं. आम्ही आलो तेव्हा शेडवर नवे पत्रे घालून दिले, कॉम्प्रेसर घेऊन दिला, आणि शेडला लागून असलेल्या दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्या. जमीन, कलमं, घर सगळं दादांच्या नावावर होतं. वाटणी झालेली नव्हती आणि ह्यांना ती व्हावी असं कधी वाटलं नाही. दादांनी काही सांगितलं की ह्यांची मान आधी हलायची, मग कान ऐकायचे. मी एका वकिलांकडे टायपिस्ट होते. भावाभावांत काय काय चालतं ते दिवसभर माझ्या बोटांखालून जायचं. पण घरी मी त्याचा शब्द काढत नसे.

पहिला पावसाळा वाईट गेला. ह्यांनी रंग मारला की तासाभरात त्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरा थर यायचा. दमट हवेत तसं होतंच. घासून काढायचा, परत मारायचा, परत तेच. एक ट्रकवाला वाट बघून कंटाळला आणि अर्धवट ओल्या रंगाचा ट्रक घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा दारावर त्याच्याच हाताचे पंजे उमटलेले होते. तो पुष्कळ बोलला. ह्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि त्या पावसाळ्यात उरलेल्या गाड्या परत पाठवल्या.

मुंबईच्या गॅरेजात रंग वाळवायला डिझेलवर चालणारी भट्टी होती. ह्यांनी ती आठवून आठवून घरीच बनवली. एका मोठ्या पिंपात दुसरं लहान पिंप. आतल्या पिंपात तापलेल्या तव्यावर डिझेल थेंबथेंब पडायचं आणि पेटायचं. दोन्ही पिंपांच्या मधल्या पोकळीतून लोहाराकडचा विजेचा पंखा हवा ढकलायचा, ती गरम होऊन शेडमध्ये यायची. आतला धूर आणि बाहेरची हवा एकमेकांना भेटत नसत, हे त्यातलं मुख्य. धूर जायला ह्यांनी भंगारातल्या ट्रकचा सायलेन्सरचा पाइप घेतला आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून सरळ बाहेर काढला. बाहेर वर वळवून तो हातभर उंच केला. बस्स, एवढंच.

भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर शेडमध्ये मे महिन्यासारखी ऊब होती. पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि आत एका जीपचं निळं बोनेट काचेसारखं चमकत होतं. ह्यांनी मला हात लावून बघायला सांगितलं. मी घाबरत बोट टेकवलं. ठसा उठला नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मला अजून दिसतं. ह्यांना फार हसायची सवय नव्हती.

ह्यांचे नियम कडक होते. फवारणी चालू असताना भट्टी पेटवायची नाही, कारण थिनरची वाफ पेट घेते. रंग मारून झाल्यावर दार उघडं ठेवून वास पूर्ण जाऊ द्यायचा, मगच काडी ओढायची. थिनरचे डबे पुढच्या बाजूला दाराजवळच्या कप्प्यात आणि भट्टी त्याच्यापासून सगळ्यात लांब, मागच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. पुढच्या दोन पावसाळ्यांत चिपळूणपासून राजापूरपर्यंतच्या गाड्या आमच्याकडे आल्या. भट्टीच्या धुराबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, कारण मागे नुसता माळ होता आणि दादांची चार जुनी कलमं.

मग दादांनी त्या माळावर नवं घर बांधलं. स्लॅबचं, वर गॅलरी, गॅलरीला लाल गिलाव्याचे खांब. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडची माणसं तालेवार होती. घराचं तोंड आमच्या शेडच्या पाठीकडे आलं. घर बांधलं तेव्हा पाइप तिथेच होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण घर पुरं होऊन पहिला पाऊस लागला आणि जाऊबाईंच्या दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडायला लागले.

ही तक्रार खरी होती. आम्ही ती खोटी म्हटली नाही. ह्यांनी जाऊबाईंची माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी दादांकडे जाऊन उपाय सांगितला. भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा तेवढा गोल कापायचा, पाइप भट्टीतून सरळ वर छपराबाहेर काढायचा आणि चांगला पुरुषभर उंच न्यायचा. धूर वरच्या वर वाऱ्यात जाईल, कुणाच्या कपड्यांना लागणार नाही. भोकाभोवती पत्र्याची कॉलर बसवून गळती थांबवायची. सगळं मिळून एका दिवसाचं काम. मी सोबत गेले होते, कारण जाऊबाईंचे दोन परकर मी धुऊन नेले होते.

दादा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, नव्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. आणि दुसरं, जे खरं होतं, ते त्यांनी गॅलरीकडे हात करून सांगितलं.

"पावणे इथे चहाला बसणार. समोर काय बघायचं त्यांनी? धुराडं? मसणवटीसारखं दिसंल."

मग कुठून काढू, असं ह्यांनी विचारलं. दादांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पूर्वेला आमच्या खोल्या, उत्तरेला रस्ता आणि दार, दक्षिणेला त्यांचं घर. राहिली पश्चिम. त्या बाजूला भातखाचरं आणि पऱ्या होता, म्हणजे पावसाळी ओढा. पाइप आतल्या आत मागच्या भिंतीच्या कडेने शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढायचा. कुणाला दिसणार नाही, कुणाला त्रास नाही.

ह्यांनी शेडच्या छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "दादा, धुराला चढ लागतो. आडवा झोपवला तर तो जाणार नाय, मागे येईल. आणि पश्चिमेला वाऱ्याचं तोंड आहे."

"अरे, धूर तो धूर. पाइपात घातला की पाइपातून जाईल. तू एवढा कारागीर, तुला एवढं जमत नाय?"

ह्यांनी नेहमीसारखी मान हलवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, हे रोज त्या शेडमध्ये बसतात, जोखीम त्यांच्या जिवाची आहे. पाहुणे वर्षातून दोनदा येतील. दादांनी माझ्याकडे न बघता भावाला सांगितलं, की कोर्टातलं बोलणं कोर्टात ठेवायला सांग हिला. परत येताना चिखलात पाय टाकत हे मला म्हणाले, तू बोलायला नको होतं. मी विचारलं, मग कुणी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तुझ्या नवऱ्याचा त्या जागेत हक्क आहे, एक नोटीस पाठवू, पत्र्याला भोक काय, अर्धी शेड त्याची आहे. मी घरी येऊन ह्यांच्यापुढे तो विषय काढला. हे जेवत होते. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठले. दादाविरुद्ध कागद करायचा असेल तर मला आधी परत मुंबईला जाऊ दे, एवढंच म्हणाले. मी विषय मिटवला.

पाइप लांबवायचं काम हे आठवडाभर करत होते. भंगारातून आणखी पाइप आणले, वेगवेगळ्या गाड्यांचे, वेगवेगळ्या जाडीचे. ते एकमेकांत बसवून वेल्डिंग केलं. जिथे वेल्डिंग पोचत नव्हतं तिथे अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर माती लिंपली. भट्टीतून वर, मग वळण, मग मागच्या भिंतीने लांबच लांब, मधल्या खांबाला वळसा, मग भिंतीबाहेर, आणि तोंडाशी खाली वळवलेला बाक, पाऊस आत जाऊ नये म्हणून. ह्यांनी शक्य तेवढा चढ दिला, पण छपराच्या लाकडाच्या खाली राहायचं म्हटल्यावर द्यायला चढ होताच कुठे? छताला टांगलेला तो पाइप आजारी माणसाच्या आतड्यासारखा दिसायचा. दादा एकदा आत येऊन बघून गेले. बघ, जमलं ना, म्हणाले आणि ह्यांची पाठ थोपटली. माझा नवरा त्या थापेने खूश झाला. मला ते बघवलं नाही.

त्या पावसाळ्यात भट्टी पहिल्यासारखी जळलीच नाही. पूर्वी तिचा एकसारखा घुमल्यासारखा आवाज यायचा. आता ती खोकायची, थांबायची, परत पेटायची. लांब पाइपात धूर थंड व्हायचा, त्याचं पाणी व्हायचं आणि सांध्यांतून काळे थेंब गळायचे. एकदा ते पांढऱ्या रंगाच्या टेम्पोवर पडले आणि सगळा टेम्पो परत घासावा लागला. हे दर आठवड्याला पाइप सोडवून आतली काजळी खरवडून काढत. भाट्याच्या किनाऱ्याकडून वारा सुटला की बाहेरच्या तोंडातून तो पाइपात घुसायचा आणि धूर भट्टीच्या डिझेलच्या भोकातून आत यायचा. तेव्हा दार उघडायचं तर पाऊस आत यायचा आणि ओल्या रंगावर शिंतोडे उडायचे. म्हणून दार अर्धं लोटून हे आत बसत.

ह्यांचं डोकं दुखायला लागलं. दुपारी जेवण जायचं नाही, उलटीसारखं व्हायचं. संध्याकाळी बाहेर पडवीत येऊन बसले की तासाभरात बरं वाटायचं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी धंदा विचारला, पेंटर म्हटल्यावर थिनरचा वास कमी घ्या म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. हे तोंडाला ओला रुमाल बांधायला लागले. रुमालाने थिनर थोडा कमी आला असेल, पण खरा त्रास ज्याचा होता त्याला वास नसतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, पाइप परत सरळ काढा, दादा रागावले तर रागावू देत. हे म्हणाले, पाऊस संपत आला, पुढच्या वर्षी बघू.

श्रावणात दादांनी एक जुनी अँबॅसिडर विकत घेतली. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि गणपतीला व्याही येणार होते, तोवर ती नवीन दिसायला हवी होती. आधीचे ट्रक बाजूला काढून हे त्या गाडीच्या मागे लागले. पत्रा ठोकून सरळ केला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, पाणपेपरने घासली, अस्तर मारलं. सायीच्या रंगाचा शेवटचा हात मारला त्या दिवशी सकाळपासून पाऊस तिरका पडत होता आणि वारा असा, की केळी मोडून पडल्या होत्या. मी ऑफिसला निघाले तेव्हा हे शेडचं दार सताड उघडून थिनरचा वास जाऊ देत होते. मी जेवणाचा डबा फडताळात ठेवला आहे असं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं.

ऑफिसात वीज गेली. वकीलसाहेब मला म्हणाले, तू जा, आज कोण येणार आहे. त्यामुळे मी दुपारीच परतले. डबा फडताळात तसाच होता. शेडचं दार पूर्ण लोटलेलं होतं. मी ढकललं तर आत निळसर धूर खाली उतरला होता. फार नव्हता, आंघोळीच्या चुलीला होतो तेवढा. भट्टी विझलेली होती. हे गाडीच्या पुढच्या चाकाशी कुशीवर पडले होते, हातात पुसायचं मऊ फडकं. मला पहिल्यांदा वाटलं, झोपले आहेत. चेहऱ्यावर चांगली लाली होती.

मी ओरडले तर माझा आवाज पावसात कुणाला ऐकू जाईना. मी त्यांना काखेत धरून दारापर्यंत ओढत आणलं. तोवर कसातरी आवाज कानावर जाऊन दादा धावत आले होते. त्यांनी भावाला एकट्याने उचललं, पासष्टीच्या जवळ आलेल्या माणसाने, आणि तसेच रस्त्यावर पळाले. छत्री नाही, पायात चपला नाहीत. एका टेम्पोपुढे आडवे उभे राहून त्यांनी तो थांबवला. हॉस्पिटलात जाईपर्यंत भावाचं डोकं मांडीवर घेऊन ते रडत होते, लहानपणीच्या नावाने हाका मारत होते. हेही मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर माझा राग सोपा झाला असता.

ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी हे शुद्धीवर आले आणि त्यांनी आधी गाडीचं विचारलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की नीट न जळलेल्या डिझेलच्या धुरातला वायू रक्तात भिनला होता, वेळेवर आणलंत म्हणून वाचले. रोज थोडा थोडा जात असणार. डोकेदुखी होती का, असं त्यांनी विचारलं. रोज, मी म्हटलं.

घरी आल्यावर माणसं बघायला यायला लागली. हे पडवीत खाटेवर पडलेले, मी पायाशी बसलेली, दादा खुर्चीवर. कुणीतरी विचारलं, कसं झालं हो हे? दादांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, की मी किती वेळा सांगितलं ह्याला, असल्या घरगुती भट्ट्या लावू नको. मुंबईचं खूळ डोक्यात. कारागिराला आपलंच खरं वाटतं.

आलेली माणसं माना हलवत होती. मी म्हटलं, "दादा, पाइप कुठून न्यायचा ते तुम्ही सांगितलंत."

दादांचा चेहरा थोडा लाल झाला. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, चहा टाकते सगळ्यांना. आणि खाटेवरून हे क्षीण आवाजात मला म्हणाले, "असूं दे गो. पाइप मीच जोडला ना."

त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी दादांवरही चिडले नसेन.

पंधरा-वीस दिवस हे बरे होते. हिंडू-फिरू लागले, अँबॅसिडरवर शेवटचं पॉलिशही त्यांनीच केलं. गणपतीला व्याही त्या गाडीतून आले-गेले. मग हळूहळू वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. हे दाराशी येऊन थांबत, कशाला आलो ते आठवत नसे. बोलताना वाक्य मध्येच सुटायचं. चालण्यात तोल नव्हता. आणि हात थरथरायला लागला, नेमका उजवा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, त्या वायूचा मार मागाहून बाहेर येतो. काही सुधारेल, सगळं नाही. एका ट्रकवाल्याने आपुलकीने बोलावून पाठीवर गाडीचं नाव लिहायला दिलं. ह्यांनी पहिलं अक्षर काढलं आणि मग बराच वेळ ब्रश हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरून घरी आणलं. ट्रकवाल्याने ते अक्षर पुसलं नाही, पुढचं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं. त्यावरचा ह्यांचा हात वेगळा ओळखू यायचा. तो ट्रक बाजारात दिसला की मी दुसरीकडे बघायची.

पुढच्या मे महिन्यात दादांनी शेड कोल्हापूरकडच्या एका गॅरेजवाल्याला भाड्याने दिली. आम्हाला विचारलं नाही, पण सांगितलं. त्यात चूक काय, शेड बंदच होती. तो गॅरेजवाला जाडजूड, मोकळ्या आवाजाचा माणूस होता. त्याने आत येऊन भट्टी बघितली, छान बनवली आहे म्हणाला, मग वर बघितलं आणि त्या आडव्या पाइपाकडे बोट दाखवून दादांना विचारलं, हे कुणाचं डोकं? हे असं मला चालणार नाही. धुराडं सरळ छपरातून वर काढू देणार असाल तरच शेड घेतो, नाहीतर राहू द्या.

मी पडवीत तांदूळ निवडत होते. हे माझ्या शेजारी बसले होते. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

दादा म्हणाले, "काढा की. धुराला वर जायला वाट हवीच."

अगदी सहज म्हणाले. आवाजात काही अडकलं नाही. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना मागचं काही आठवलंही नसेल. माझ्यासाठी तेच सगळ्यात वाईट होतं. त्यांना आठवून त्यांनी ते लपवलं असतं, तर मी त्यांना निदान चोर तरी म्हटलं असतं.

दोन दिवसांत पत्रा कापला गेला. गॅरेजवाल्याच्या माणसांनी जुना पाइप तुकड्या-तुकड्याने खाली काढला आणि अंगणात रचला. आतून काजळी पडली ती पहिल्या सरीपर्यंत तिथेच होती. नवं धुराडं छपराच्या वर उभं राहिलं, दादांच्या गॅलरीच्या बरोब्बर समोर. गॅलरीत झोपाळा हलत होता. हे पडवीतून उठले, काठी टेकत अंगणात गेले आणि मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हसले. भट्टी पहिल्यांदा पेटवली होती तेव्हासारखं नाही, पण हसले.

"आता बरोबर झालं," म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. काम चांगलं झालं याचा आनंद होता फक्त. मी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन दाराला कडी घातली, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

त्या पावसाळ्याआधी आम्ही तिथून निघालो. मी बाजारपेठेच्या मागे दोन खोल्या घेतल्या. दादा म्हणाले, कशाला जाता, भावाला मी कधी नको म्हटलं आहे का. मी भांडी बांधत राहिले. वकीलसाहेबांनी पुन्हा एकदा वाटणीचं विचारलं, मी नको म्हटलं. ह्यांची इच्छा मोडायची नव्हती म्हणून नाही. त्या जागेतली मूठभर मातीसुद्धा मला नको होती. साहेबांना ते पटलं नाही. मलाही आता वाटतं, की घ्यायला हवी होती, दोन्ही हातांनी घ्यायला हवी होती. पण तेव्हा तसं झालं.

हे आणखी बरीच वर्षं जगले. मी टाइप करत राहिले आणि घर चाललं. दर गणपतीला हे नवा सदरा घालून दादांकडे आरतीला जात. मी रिक्षात बसवून द्यायची, आणायला शेजारच्यांना पाठवायची. तिथून आले की दोन दिवस ते खुशीत असत. दादांनी हे म्हटलं, दादांनी ते वाढलं. मी ऐकून घेत असे. कधी एखाद्या वाक्याच्या मध्ये ते थांबत, आणि मला वाटे, आता तरी त्यांना आठवेल, आता तरी एक वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघेल. कधी निघाला नाही. दादांवरचा राग मला एकटीलाच दोघांच्या वाट्याचा करावा लागला.

ह्यांच्या तेराव्याला दादा आले. फार थकले होते, मुलाने हाताला धरून आणलं होतं. ह्यांच्या फोटोपुढे बसून त्यांनी डोळे पुसले आणि तिथे बसलेल्यांना सांगितलं, की माझा भाऊ फार गुणी होता, मला कधी उलटून बोलला नाही.

ते खरंच होतं. मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप घेताना माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण मुलगा म्हणाला, चला दादा, रिक्षा थांबली आहे. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही. कप उचलून मोरीत ठेवला आणि उरलेल्या माणसांची पानं मांडायला लागले.